तराजू आणि टोपली

लेंटचा काळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "यंदा काय सोडणार?" कोणी चहा सोडतो, कोणी मटण, कोणी गोड. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले सहा रविवार वगळून, चाळीस दिवस मोजले जातात. काय सोडले ह्याची चर्चा पुष्कळ होते. पण सोडल्यावर आपल्या मनाचे काय झाले, हे फारसे कोणी कोणाला सांगत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत. त्यासाठी आमच्या घरची एक हकिकत द्यावी लागेल. ती आम्हांस भूषणावह नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे बिऱ्हाड बेळगावात एका जुन्या गल्लीत आहे. घरात आम्ही, आमच्या पत्नी आणि वृद्ध आई अशी तीन माणसे. त्या वर्षी डॉक्टरांनी आमचे रक्त तपासून सांगितले की साखर वाढली आहे. गोड बंद करा, भात निम्म्यावर आणा आणि रोज चाला. सांगणे एवढेच होते. पण लेंट सुरू व्हायला आठच दिवस उरले होते, आणि आमच्या मनाने घेतले की व्हायचे तर पुरतेच होऊ या. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही यादी लिहिली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराला डकवली : साखर नाही, गूळ नाही, भात मुळीच नाही, बटाटा नाही, मैदा नाही, तळलेले नाही, मटण-मासळी नाही. दोन वेळा ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ, एक पालेभाजी, काकडी-मुळा आणि ताक. भाकरी किती ग्रॅमची आणि उसळ किती ग्रॅम हे पाहायला बाजारातून एक लहानसा काटाही आणला. काट्याशेजारी एक वही ठेवली.

बेळगावात राहून कुंद्याकडे पाठ फिरवणे किती कठीण, हे तेथील वाचकांना सांगावयास नको. त्याहून कठीण ते दुपारच्या वेळी गल्लीभर पसरणाऱ्या बेळगाव बासमतीच्या वासाकडे पाठ फिरवणे. परंतु आम्ही दानीएलाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले होते. बाबेलच्या राजाच्या पंगतीतले पक्वान्न नाकारून त्याने व त्याच्या तीन सोबत्यांनी दहा दिवस साधे शाकान्न व पाणी घेतले, आणि तरीही त्यांचे चेहरे इतरांहून टवटवीत दिसले. आम्हांसही पहिल्या आठवड्यात तसेच वाटले. वजन दीड किलोने उतरले. रविवारी उपासनेनंतर दोघातिघांनी विचारपूस केली. आम्ही नम्रपणे हसलो. ते हसणे वाटते तितके नम्र नव्हते, हे पुढे ध्यानात आले.

दुसऱ्या आठवड्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. आमचे नाक आणि डोळे तीक्ष्ण झाले. ज्या गोष्टी दहा वर्षे डोळ्यांपुढे असून दिसल्या नव्हत्या त्या एकाएकी दिसू लागल्या. आणि त्या सर्व गोष्टी आमच्या घरात नव्हत्या. शेजारच्या घरात होत्या.

भिंतीला भिंत लागून आमचे शेजारी राहतात. कुटुंब मोठे, कमाई चांगली, हात सढळ. ह्याच सढळ हाताने त्यांनी आम्हांस अनेकदा सांभाळले होते. एकदा मध्यरात्री आमच्या आईला छातीत दुखू लागले तेव्हा त्यांच्या मुलाने आपली गाडी काढली आणि सकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर आमच्याबरोबर बसून राहिला. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. परंतु त्या दिवसांत आम्हांस दिसे ती फक्त त्यांची कचऱ्याची बादली. सकाळी घंटागाडी आली की ती बादली ओट्यावर येई, आणि तिच्यात पांढराशुभ्र भात असे. कधी पोळ्या, कधी अर्धा पाव. त्यांच्या व्हरांड्यातला दिवा भर दुपारीही जळत असे.

आणि पाणी! आमच्या शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे आणि घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी मिळते. २००८ पासून शहराच्या काही भागांत प्रयोगादाखल चोवीस तास पाणी सुरू झाले. आमची गल्ली त्या भागांत नव्हती. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येई. नळ आला की शेजारचा मुलगा आधी साठवलेली पिंपे गटारात उलटी करी, कारण ते पाणी 'शिळे' झाले. आणि मग ताजे पाणी भरी. पिंपे भरून वाहत, आणि गल्लीच्या टोकाला चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई आपल्या घागरी घेऊन बारीक धारेखाली उभी असे.

आमच्या वहीत डाव्या पानावर आमच्या जेवणाचे ग्रॅम लिहिलेले असत. उजवे पान कोरेच होते. एके दिवशी आम्ही त्या पानावर लिहिले : "मंगळवार. भात, अंदाजे अर्धा किलो." दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले. पाहता पाहता उजवे पान डाव्याहून लवकर भरू लागले.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी नळ आला. इकडे दोन पिंपे गटारात रिकामी झाली, तिकडे सून भाताची बादली घेऊन ओट्यावर आली. आमचा तोल सुटला. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात आम्ही म्हणालो, "अहो, काही वाटतं का तुम्हांला? लोकांना घासभर मिळत नाही आणि तुम्ही रोज बादलीभर भात फेकता!"

ती मुलगी क्षणभर तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, बाबांसाठी करते मी. सकाळी मऊ भात, दुपारी पेज, रात्री खिचडी. कशाचे तरी दोन घास जातील म्हणून. काहीच जात नाही त्यांना. त्यांच्या ताटातलं उष्टं मुलांना कसं घालू?"

तिचे सासरे तीन महिने अंथरुणावर होते. आम्हांस हे ठाऊक नव्हते असे नाही. लेंटपूर्वी एकदा आम्ही सफरचंदे घेऊन भेटूनही आलो होतो. त्यानंतर गेलो नव्हतो. घरात येऊन आम्ही वही उघडली. उजव्या पानावर बावीस दिवसांचा भात लिहिलेला होता. त्या बावीस दिवसांत भिंतीपलीकडचा माणूस कसा आहे, ह्याविषयी एक ओळही नव्हती.

वाचकहो, येथे थोडे थांबून आपण विचार करू या. आमच्या हातून नेमकी कोणती चूक झाली? आम्ही खोटे बोललो नव्हतो. भात रोज टाकला जात होता, आणि आमचा अंदाजही फारसा चुकीचा नसावा. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशीही खोटे बोलला नव्हता. तो आठवड्यातून दोनदा उपास करीत असे हे खरे. दशमांश देत असे हेही खरे. आणि शेजारी उभा असलेला जकातदार पापी होता हेही खरेच. त्याच्या प्रार्थनेत एकही विधान असत्य नाही. तरी ती प्रार्थना देवापर्यंत पोहोचली नाही, कारण ती देवाकडे तोंड करून केलेली नव्हती. ती शेजाऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहून केलेली होती.

मग असे का होते? जो माणूस स्वतःला आवरतो, त्याच्या मनात दुसऱ्याविषयी कठोरता का येते? आम्हांस वाटते, त्याचे कारण असे आहे की संयमाला किंमत पडते, आणि ज्याची किंमत आपण मोजली त्याची पावती आपल्याला हवी असते. देव लगेच पावती देत नाही. डॉक्टर देतात ती महिन्याने. मग आपण ती शेजाऱ्याकडून वसूल करतो. तो जितका उधळा दिसेल तितके आपण संयमी ठरतो. अशा रीतीने त्याचा दोष आपल्या उपयोगाचा होऊन बसतो, आणि उपयोगाची वस्तू नाहीशी व्हावी असे कोणाला वाटत नाही. खरे सांगायचे तर त्या सकाळी बादलीत भात नसता, तर आम्हांस थोडे चुकल्यासारखे वाटले असते.

दुसरे एक कारण ह्याहूनही लाजिरवाणे आहे. आम्ही स्वतःला विचारून पाहिले : राग कशाचा होता, त्यांनी टाकलेल्या भाताचा, की आम्हांस न मिळालेल्या भाताचा? त्या बादलीत रोज कारल्याची भाजी असती, तर आमच्या अंगाचा इतका तिळपापड झाला असता काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे लिहीत नाही. वाचकांना ते कळले असेल. मत्सर पुष्कळदा तत्त्वाचा अंगरखा घालून बाहेर पडतो. यशया संदेष्ट्याने आपल्या लोकांच्या उपासाला दोष दिला तेव्हा त्याचा आक्षेप हाच होता की उपासाच्या दिवशीच तुमची भांडणे आणि मारामाऱ्या चालतात. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो आक्षेप आमच्या गल्लीला तंतोतंत लागू पडला.

मात्र येथेच थांबून, "ज्याने त्याने आपल्या ताटात पाहावे, दुसऱ्याच्या नासाडीची चिंता करू नये," असा निष्कर्ष काढला तर तो सोयीचा होईल, खरा होणार नाही. सुनेच्या भाताचा खुलासा झाला. भर दुपारी जळणाऱ्या दिव्याचा झाला नाही, पावाचा झाला नाही, गटारात गेलेल्या पाण्याचा तर नाहीच नाही. प्रत्येक नासाडीमागे एखादे दुःख लपलेले असते असे समजणे भाबडेपणाचे आहे. पुष्कळ नासाडीमागे केवळ निष्काळजीपणा असतो.

आमच्या पत्नी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांची आई खडी फोडायच्या कामावर जात असे. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून घरी आणी आणि भावंडांत मुठीने वाटी, हे त्यांना आजही आठवते. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी धड थापता येत नसे, तरी तिचा कण कोणी टाकत नसे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या हातून आजही ताटात शीत राहत नाही. त्याहून थोडे मागे जायचे तर १९६५ साली धान्यटंचाईच्या वेळी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली होती, आणि घराघरांत सोमवारची रात्रीची चूल पेटेनाशी झाली होती. अन्न हे एकट्याचे नसते, ते सर्वांच्या वाट्याचे असते, ही समज त्या पिढीला शिकवावी लागली नाही.

आजची स्थिती पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के हॉटेलांतून नव्हे, दुकानांतून नव्हे, तर तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरांतून गेले. जगात घरगुती नासाडी माणशी वर्षाला ७९ किलो, तर भारतात अंदाजे ५५ किलो आहे. ह्यात साली आणि हाडेही धरलेली आहेत हे खरे. तरीही दिवसाला माणशी दीडशे ग्रॅम होतात. किलोभर तांदूळ पिकायला सरासरीने अडीच हजार लिटर पाणी लागते. म्हणजे तांदूळ टाकणारा पाणीही टाकतो. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट आम्हांस विचारात पाडणारी वाटली. श्रीमंत देशांतली घरे आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली घरे यांच्यातील फरक अगदी थोडा, माणशी वर्षाला सात किलोंच्या आसपास आहे. नासाडी हा फक्त श्रीमंत शेजाऱ्याचा दोष आहे, ही आमची समजूत तेथे टिकत नाही.

ती आमच्या घरातही टिकली नाही. त्या शनिवारी रात्री आम्ही खाली मान घालून बसलो असता पत्नी म्हणाल्या, "एक सांगू? तो काटा आठ दिवस आपल्या बादलीखाली ठेवून बघा."

आम्ही ठेवला. आठवड्याअखेर आमच्या तीन माणसांच्या बादलीतून सालींसह तीन किलोंहून अधिक कचरा गेला. म्हणजे देशाच्या सरासरीइतकाच. त्यातली साले, देठ, चहाचा चोथा बाजूला काढला तरी सव्वा किलो अन्न असे होते, जे कोणीतरी खाऊ शकले असते. आणि ते काय होते? लेंटच्या उत्साहात पाच किलो आणून ठेवलेल्या नाचणीच्या पिठातला किडलेला भाग. तब्येतीला उत्तम म्हणून महागाचे आणलेले आणि दोन दिवसांत नकोसे झालेले ओट्स. मुळे खाऊन टाकून दिलेला मुळ्याचा पाला, ज्याची भाजी आमची आजी आवडीने करीत असे. आणि भात! होय, भातच. आम्ही भात सोडला होता, पण तांदूळ काढणाऱ्या हाताचे जुने माप सुटले नव्हते. आईपुरता शिजवायचा तो रोज मूठभर जास्त शिजे आणि दुसऱ्या दिवशी बादलीत जाई. आमचा संयम ताटात होता; बादलीपर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

पुढे डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनीही कानउघाडणी केली. "भात निम्मा करा म्हणालो होतो मी, बंद करा म्हणालो नव्हतो. गोळ्या चालू असताना असले प्रयोग मला विचारल्याशिवाय करू नका." आमच्यासारख्या उत्साही वाचकांनी हे वाक्य दाराला डकवून ठेवावे.

आता टोपलीकडे येतो. त्या भांडणानंतरच्या रविवारी शाब्बाथ शाळेत आमच्या वर्गाला नेमका पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा पाठ होता. ही कथा चारही शुभवर्तमानांत आहे; पण उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये, ही प्रभूची आज्ञा एकट्या योहानाने नोंदवली आहे. आम्ही मुलांना ती सांगितली आणि मनात म्हटले, नासाडीवर बोलायला ह्याहून चांगला पाठ कोणता? इतक्यात नऊ वर्षांच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, ज्यांनी तुकडे टाकले त्यांना येशू रागावला नाही का?"

आम्हांस उत्तर सुचेना. पुस्तक उघडून पुन्हा वाचले. खरोखरच तेथे रागावणे नाही. पाच हजार पुरुष गवतावर बसून पोटभर जेवले. त्यांतल्या कित्येकांनी आपल्याला जाईल त्याहून जास्त घेतले असेल, म्हणून तर बारा टोपल्या भरतील इतके तुकडे उरले. त्या लोकांना प्रभू एका शब्दानेही बोलत नाही. आज्ञा आहे ती शिष्यांना. आणि ती आज्ञा 'लोकांना सांगा' अशी नाही. 'गोळा करा' अशी आहे. प्रभूला तुकड्यांची किंमत होती. ज्याच्या हातून भाकरी वाढत होत्या, त्याने तुकडे वेचायला लावले, ह्याहून काटकसरीचा मोठा धडा नाही. पण तो धडा देताना त्याने शिष्यांच्या हातांत तराजू दिला नाही, टोपली दिली.

हा फरक लहान दिसतो, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. तराजू घेतलेला माणूस उभा राहून इतरांची ताटे पाहतो. टोपली घेतलेल्याला वाकावे लागते. आणि टोपली डोक्यावर आली की मान वळवून दुसऱ्याच्या पानाकडे पाहणेही होत नाही.

प्राचीन मंडळीला हे चांगले ठाऊक होते. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' ह्या ग्रंथात उपासाची रीत सांगितली आहे : त्या दिवशी फक्त भाकरी व पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी, आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. म्हणजे हिशेब तेथेही आहे! पण तो स्वतःच्या ताटाचा आहे आणि त्याचा शेवट दुसऱ्याच्या ताटात होतो. आपल्या देशात मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १९१० पासून एक साधी रीत चालवली आहे. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी मूठभर बाजूला काढते; ते तांदूळ मंडळीकडे जमा होतात आणि विकून आलेल्या पैशातून देवाचे काम चालते. त्या मुठीने शेजारणीच्या घरात किती शिजते हे कोणी पाहत नाही. मूठ आपल्याच डब्यातून निघते. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी पैशाच्या उपयोगावर केलेल्या प्रसिद्ध उपदेशात मिळवणे, राखणे आणि देणे ह्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि शेवटची गाळणारा वाटेतच थांबतो असे बजावले. आम्ही त्या लेंटमध्ये दुसऱ्या पायरीवरच बसून खालच्यांना दटावीत होतो.

मग नासाडी करणाऱ्या शेजाऱ्याला कधीच काही बोलू नये काय? बोलावे, पण आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हे असे का घडते, हे मी विचारले आहे का? दुसरा : ह्यात नुकसान कोणाचे आहे? एखाद्याने आपल्या घरात काय शिजवावे ही त्याची बाब आहे, परंतु गल्लीचे पाणी गल्लीचे आहे. ज्या बाईच्या घागरी रिकाम्या राहतात तिच्या वतीने बोलणे हे दोष काढणे नव्हे, ते शेजारधर्म पाळणे होय. तेथे गप्प राहणे हाच दोष ठरेल. तिसरा : बोलून झाल्यावर टोपली उचलायची माझी तयारी आहे का?

आम्ही प्रथम क्षमा मागायला गेलो. अंथरुणाला खिळलेल्या त्या गृहस्थांजवळ तासभर बसलो. भाताचा विषय काढला नाही. पत्नींनी सुनेला इतकेच म्हटले, "तू एकटीनं तीन-तीन पदार्थ करू नकोस गं. पेज मी पाठवीन, वाटीभरच. खिचडी तू कर, तीही वाटीभर. गेली तर पुन्हा करू." पलीकडच्या एका घरानेही त्यात वाटा घेतला. त्या दिवसापासून बादलीतला भात आपोआप कमी झाला, आणि नासाडी हा शब्द कोणी उच्चारलाही नाही. ते गृहस्थ पुढच्या पावसाळ्यात वारले. शेवटच्या आठवड्यात त्यांना आमच्याकडची पेज दोन चमचे जात असे. आमच्या त्या लेंटमध्ये देवाला आवडण्यासारखे काही असेलच, तर ते त्या दोन चमच्यांत असेल.

पाण्याविषयी मात्र आम्ही त्यांच्या मुलाशी स्पष्ट बोललो, पण गल्लीत नव्हे, त्याच्या घरी बसून. तो म्हणाला, "काका, चार दिवसांचं शिळं पाणी कसं प्यायचं?" आम्ही म्हटले, "अरे, राकसकोपात ते पावसाळ्यापासून साठलेलंच असतं. तिथे महिनोन्‌महिने शिळं होत नाही, आणि झाकलेल्या पिंपात चार दिवसांत होतं होय?" तो हसला. आता नवे पाणी आले की जुने धुण्याला आणि झाडांना जाते, आणि एक पिंप गल्लीच्या टोकाच्या त्या बाईसाठी राखून ठेवले जाते. ते तिच्या दारापर्यंत पोहोचवायचे काम आमच्याकडे आहे. वयाच्या मानाने ते जड जाते. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हीच दिलेले असल्यामुळे तक्रार करता येत नाही.

शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. अन्न वाया घालवू नये हे मुलांना अवश्य शिकवावे. पण ते शिकवताना कोणाच्या डब्यात काय उरले हे पाहायला लावू नये. मुले हे काम फार लवकर शिकतात आणि फार उशिरा विसरतात. त्याऐवजी वर्गात एक रिकामा डबा ठेवावा आणि प्रत्येकाने घरून मूठभर धान्य आणावे. प्रेषित पौलाने रोममधील मंडळीला लिहिताना खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असे दोन्ही बाजूंना सांगितले आहे. मुठीचा डबा मुलांना हे न बोलता शिकवील.

आमची साखर आता ताब्यात आहे. आम्ही निम्मा भात खातो आणि तो वेळेवर खातो. लेंटमध्ये अजूनही काही ना काही सोडतो. जे वाचते त्याची किंमत वहीत लिहितो आणि ईस्टरच्या सकाळी दानपेटीत घालतो. वहीचे उजवे पान कोरेच असते.

शेजारच्या व्हरांड्यातला दिवा मात्र अजूनही भर दुपारी जळतो. तो पाहून आजही आमच्या कपाळाला आठी पडते. ती पडणार नाही असे आम्ही सांगू शकत नाही. फरक इतकाच की आता आम्ही आठी घेऊन घरात शिरत नाही. त्यांच्या ओट्यावर चढतो, बटण बंद करतो, आणि आलोच आहोत तर सर्वजण कसे आहेत हे विचारून येतो.